म्हशीच्या पायात बगळा का घुटमळतो? प्राण्यांमधली नाती स्वतः बघायला शिकण्यासाठी सविस्तर मार्गदर्शन

सहजीवन म्हटलं की मगर जबडा उघडून बसलीये आणि एक पक्षी आत शिरून तिचे दात साफ करतोय असं चित्र आपल्यातल्या बऱ्याच जणांनी बघितलेलं असतं. ही गोष्ट हेरोडोटस नावाच्या ग्रीक इतिहासकाराने साधारण अडीच हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवली आणि तेव्हापासून ती फिरतीये, पण असं खरंच होतं याचा भक्कम पुरावा आजतागायत कुणी दिलेला नाही. आणि इकडे आपल्या गावच्या माळावर म्हशीच्या पायात बगळा घुटमळतोय, कढीपत्त्याच्या कुंडीत मुंग्या मावा (झाडाचा रस पिणारी बारीक कीड) राखत बसल्यात, मे महिन्यात कावळे कोकिळेच्या मागे लागून तिला पार पळवून लावतायत, हे सगळं रोज डोळ्यासमोर चालू असतं आणि आपण चपला घालून पुढे निघून जातो. मला याचं मनापासून वाईट वाटतं, म्हणून हे सगळं नीट लिहून काढतोय.

यासाठी जंगलात जायची गरज नाही, महागडा कॅमेरा नको. बसायची तयारी पाहिजे आणि दोन प्रश्न डोक्यात पाहिजेत. पहिला प्रश्न, कोण कोणाजवळ जातंय? दुसरा, दुसरा प्राणी तिथून काढून टाकला तर पहिल्याचं काय होतं? बास. परस्पर फायदा, परजीवी, सहभोजी वगैरे नावं नंतर लावता येतात, आणि खरं सांगायचं तर ती नावं आधी डोक्यात घेऊन गेलं की डोळ्याला दिसत असलेलंही दिसेनासं होतं, हा माझा अनुभव आहे.

जागा आणि वेळ

एकच जागा निवडा आणि ती बदलू नका. शेताचा बांध, गावतळं, सोसायटीच्या मागचं उंबराचं झाड, गच्ची, काहीही चालेल, फक्त तिथे जनावरं किंवा पक्षी यायला काहीतरी कारण पाहिजे म्हणजे पाणी, फळ, फूल नाहीतर चरणारी गुरं. आठवड्यातून दोनदा, सकाळी ७ ते ९ च्या मधे अर्धा तास पुरे. पहिली दहा मिनिटं काहीही होत नाही आणि लोक नेमके तिथेच कंटाळून उठतात. ती दहा मिनिटं तुमच्या येण्याने विस्कटलेलं सगळं परत जागेवर यायला लागतात, सातभाई पक्ष्यांचा थवा परत खाली उतरतो, खार परत खोडावर येते, मगच खरं बघणं सुरू होतं. कपडे मळखाऊ रंगाचे, फोन सायलेंट, हातात वही. दुर्बीण असेल तर ८ बाय ४२ ची सगळ्यात सोयीची, नसली तरी पहिले दोन महिने काही अडत नाही. दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग मात्र जरूर घ्या, कुंडीतल्या मुंग्यांसाठी ते लागणारच आहे.

पहिला धडा: बगळा आणि म्हैस

गुरांमागे फिरणारा तो गायबगळा. एरवी पांढरा शुभ्र, चोच पिवळी, आणि विणीच्या काळात, म्हणजे आपल्याकडे पावसाळ्याच्या सुमारास, डोकं-मान-पाठ नारिंगी होते. चरणाऱ्या म्हशीपासून वीस-पंचवीस पावलांवर बसा. म्हैस पाऊल उचलते, गवत हलतं, नाकतोडा उडतो आणि बगळ्याची मान सुटते, हे एवढं पटकन होतं की पहिल्यांदा नाकतोडा दिसतच नाही, नुसती चोच मिटलेली दिसते. नीट बघितलं तर कळतं की बगळा म्हशीच्या तोंडाकडे किंवा पुढच्या पायाच्या बाजूला राहतो, कारण गवत आधी तिथे हलतं. म्हैस थांबली की तोही थांबतो, ती वळली की हा पळत जाऊन पुन्हा आपली जागा पकडतो.

आता मोजायचं. फोनवर पाच मिनिटांचा टायमर लावा, म्हशीजवळचा एकच बगळा धरा आणि दोन गोष्टी मोजा, किती पावलं टाकली आणि किती वेळा चोच मारली. मग त्याच माळावर एकटा फिरणारा दुसरा बगळा शोधून त्याचेही तसेच मोजा. असे पाच-सहा जोड झाले की आकडे स्वतःच बोलायला लागतात. परदेशात अभ्यासकांनी नेमकं असंच मोजून दाखवलंय की गुरांसोबतच्या बगळ्याला कमी चालून जास्त किडे मिळतात. तुमच्या माळावर तसंच येईल असं नाही, गवत ओलं असेल, किडे कमी असतील, म्हणून तर स्वतः मोजायचं.

आणि दुसरा प्रश्न विसरू नका. म्हैस काढून टाकली तर? शेतात ट्रॅक्टरने नांगरट चालू असली की बघा, तेच बगळे नांगराच्या मागे ओळीने चालत असतात. म्हणजे त्याचं नातं म्हशीशी नाहीये, जमीन हलवणाऱ्याशी आहे. म्हशीला काय मिळतं याबद्दल लोक लगेच सांगतात की बगळा गोचीड खातो. कधीमधी माशी-गोचीड टिपतो हे खरं, पण तुम्ही मोजाल तेव्हा बहुतेक चोची जमिनीवर पडताना दिसतील. आणि म्हैस कधी बगळ्याकडे जात नाही, नेहमी बगळाच म्हशीकडे जातो, हे वहीत ठळक लिहून ठेवा.

तिथेच म्हशीच्या पाठीवर काळा, दुभंगलेल्या शेपटीचा कोतवाल बसलेला असेल. बगळा जमिनीवरचे किडे घेतो, कोतवाल उडालेले हवेत पकडतो, एकाच म्हशीवर दोघांचं भागतं. या कोतवालावर स्वतंत्र दोन-तीन सकाळी घालवा, वसूल होतात. हा पक्षी घरट्याजवळ आलेल्या कावळ्याला, घारीला अक्षरशः पाठीवर टोचत हाकलून लावतो, म्हणून होले, हळद्या, बुलबुल असे पक्षी बरेचदा त्याच्याच झाडावर किंवा शेजारच्या झाडावर घरटं करतात, त्यांना फुकटचा पहारा मिळतो. नाव कोतवाल ते यामुळेच. पण हाच कोतवाल मैनेने पकडलेला किडा हिसकावून घेतो आणि शिक्र्याचा, म्हणजे एका छोट्या शिकारी पक्ष्याचा, आवाज काढून मैनांना घाबरवून त्यांचा घास पळवतो अशाही नोंदी आहेत. आफ्रिकेतल्या कालाहारीत त्याचा एक भाऊबंद आहे, तो तर मीरकॅटना (मुंगसासारख्या छोट्या प्राण्यांना) खोटी धोक्याची हाक देतो आणि ते बिळाकडे पळाले की त्यांनी टाकलेलं भक्ष्य उचलतो, आणि एकाच हाकेला ते फसेनासे झाले की हाक बदलतो. आता सांगा, कोतवाल शेजाऱ्यांचा राखणदार की चोर? दोन्ही, वेळ कोणती आणि घास कुणाच्या चोचीत आहे त्यावर ठरतं. म्हणून नोंद करताना "कोतवाल-मैना : मित्र" असं कधीच लिहू नका, त्या दिवशी काय झालं तेवढंच लिहा.

दुसरा धडा: धोक्याची हाक ओळखणं

हे घरबसल्या जमतं आणि एकदा जमलं की आयुष्यभर सुटत नाही. आधी पंधरा दिवस फक्त रोजचे आवाज ऐका, काही चाललेलं नसताना बुलबुल कसा बोलतो, खार कशी, साळुंकी कशी. शांततेतला आवाज कानात बसला नाही तर गडबडीतला वेगळा कळणार नाही. खारीचं ते एकसुरी चिक-चिक-चिक, प्रत्येक चिकला शेपटीचा झटका, ते पाच-दहा मिनिटं थांबत नसेल तर समजायचं काहीतरी दिसलंय.

आवाज सुरू झाला की ओरडणाऱ्याकडे बघू नका, त्याची चोच कुठे वळलीये तिकडे बघा. भिंतीखाली मांजर, फांदीवर साप, ढोलीत पिंगळा, यातलं काहीतरी निघतंच. आणि एक मोठा फरक लक्षात ठेवा. धोका बसलेला किंवा जमिनीवरचा असेल तर सगळे गोळा होतात, जवळ जातात आणि कालवा करतात, म्हणजे बुलबुल, शिंजीर, दयाळ, सातभाई, एरवी एकमेकांना न विचारणारे सगळे एका फांदीवर. पण वरून शिक्रा झपाट्याने येत असेल तर एखादी बारीक तीक्ष्ण हाक येते आणि लगेच सगळं चिडीचूप, पानात गडप. गोंगाट झाला तर खाली बघायचं, अचानक शांतता झाली तर वर बघायचं, एवढं लक्षात ठेवलंत तरी पहिल्या महिन्यात शिक्रा दिसेल.

आमच्या परसात एकदा दुपारी सातभाईंनी एवढा गोंधळ घातला की शेजारच्या काकूंनी विचारलं काय झालंय. पंधरा मिनिटं मला काहीच दिसेना, मग एका सातभाईची मान कुठे वाकतीये ते धरून बघत गेलो तर पपईच्या बुंध्यालगत धामण, तीन हातावर, मातीसारखीच दिसत होती. त्यातही खार होती, बुलबुल होते, आणि धामण निघून बांधापलीकडे गेल्यावर सगळ्यात शेवटपर्यंत ओरडत होती ती खार.

तिसरा धडा: मुंग्या आणि मावा, एक छोटा प्रयोग

हा माझा सगळ्यात आवडता, कारण इथे "काढून बघू" हे खरंच करता येतं. चवळी, वाल, जास्वंद, कशावरही मावा येतो. शेतकऱ्याला करडईवरचा मावा वेगळा सांगायला नको. पानं चिकट लागायला लागली, त्यावर काळी बुरशी धरली आणि देठावर मुंग्यांची रांग दिसली की समजा प्रयोगशाळा तयार आहे.

भिंग घेऊन आधी नुसतं बघा. कोवळ्या शेंड्यावर मावा दाटीने बसलेला असतो, सोंड आत खुपसून रस पितोय, जवळपास हलतच नाही. मुंगी येते, दोन्ही मिशांनी माव्याच्या पाठीवर हलके-हलके टिचक्या मारल्यासारखं करते, मावा मागचा भाग थोडा उचलतो आणि एक काचेच्या मण्यासारखा थेंब बाहेर येतो. मुंगी तो पिते आणि पुढच्या माव्याकडे जाते. गोठ्यात धार काढताना जसं कासेला हात लावल्यावर गाय पान्हा सोडते, तसंच अगदी. थेंब प्यायलेल्या मुंगीचं पोट फुगून उन्हात पारदर्शक दिसतं, ते बघितल्याशिवाय भिंग खाली ठेवू नका.

आता प्रयोग. एकाच झाडाच्या किंवा शेजारच्या दोन कुंड्यांच्या साधारण सारखा मावा असलेल्या दोन फांद्या निवडा. एकीच्या देठाभोवती कागदी टेप गुंडाळा आणि टेपवर व्हॅसलीनचा जाड थर द्या, थेट सालीवर लावू नका, कोवळी साल खराब होते. दुसरीला टेप लावा पण व्हॅसलीन नको, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की फरक टेपमुळे पडला. व्हॅसलीनच्या पट्ट्यापलीकडे, शेंड्याच्या बाजूला ज्या मुंग्या राहिल्यात त्या ब्रशने अलगद काढून घ्या. सगळ्यात जास्त चूक इथे होते ती ही की ती फांदी कुठेतरी भिंतीला, गजाला नाहीतर दुसऱ्या पानाला टेकलेली असते आणि मुंग्या तिथून पूल करून येतात, रोज सकाळी तपासा. धूळ बसली की व्हॅसलीन पुन्हा लावा. दहा-पंधरा दिवस, एक दिवसाआड दोन्ही फांद्यांवर मुंग्या किती, मावा साधारण किती आणि इतर कोण आलंय ते लिहा.

इतर कोण म्हणजे मुख्यतः ढालकिडा, लाल-नारिंगी गोल, त्यावर काळे ठिपके. त्याची अंडी पिवळी, उभी, गठ्ठ्याने पानामागे असतात आणि अळी अजिबात ढालकिड्यासारखी दिसत नाही, काळी, लांबट, मगरीच्या पिल्लासारखी, अंगावर नारिंगी डाग. कितीतरी लोक ती कीड समजून चिरडतात आणि फवारा मारतात, तेव्हा अगदी जीव तुटतो, कारण मावा खाणारी तीच. मुंग्या असलेल्या फांदीवर ढालकिडा उतरला की मुंगी त्याच्या अंगावर धावून जाते, पायाला चावते, तो पाय आत ओढून ढालीखाली दडतो नाहीतर उडून जातो. मुंग्या नसलेल्या फांदीवर तो निवांत चरतो. माझ्याकडे चवळीवर दोनदा हा फरक स्पष्ट दिसला, तिसऱ्यांदा पावसाने दोन्ही फांद्यांवरचा मावा धुऊन निघाला आणि काहीच कळलं नाही. तसं झालं तरी तारखेसकट लिहून ठेवा.

आणि हे नातंही सरळ नाही हां. मावा फार झाला किंवा मुंग्यांना वेगळं खाणं लागलं की त्याच मुंग्या काही मावा उचलून खाऊन टाकतात. गवळीही तीच, खाटीकही तीच.

चौथा धडा: कावळा आणि कोकीळ, याला तीन महिने लागतात

इथे घाई चालत नाही. एप्रिलमध्ये कावळे काटक्या, तारा गोळा करायला लागले की घरटं कुठे बांधतायत ते लांबून हेरून ठेवा. कोकीळ नर काळा कुळकुळीत, डोळा लाल, कुहू तोच करतो. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, ती कुहू करत नाही, किक-किक-किक करते. बरेचदा असं दिसतं की नर घरट्याजवळ येऊन ओरडतो, दोन्ही कावळे त्याच्या मागे धावतात आणि मादी मागच्या बाजूने घरट्यात शिरते. कोकिळेचं अंडं कावळ्याच्या अंड्यापेक्षा लहान आणि लवकर फुटणारं, कोकिळेचं १२ ते १४ दिवसांत आणि कावळ्याचं १६-१७ दिवस किंवा जास्त, म्हणजे कोकिळेचं पिल्लू आधीच चोच वासून बसलेलं असतं. युरोपातली कोकीळ-जात दुसऱ्याची पिल्लं ढकलून देते ते व्हिडिओ खूप फिरतात, पण आपली कोकीळ सहसा तसं करत नाही, कावळ्याची पिल्लं शेजारी वाढतात, फक्त त्यांच्या वाट्याचा घास कमी होतो.

घरट्यात डोकावायचं नाही. तुमची खरी नोंद जुलै-ऑगस्टमध्ये होते, घरट्याबाहेर पडलेलं काळपट पिल्लू फांदीवर बसून पंख थरथरवत ओरडतंय आणि कावळा त्याच्या तोंडात भाकरीचा तुकडा कोंबतोय. ते दिसलं की तारीख आणि झाड लिहा.

ज्यांच्याकडे सातभाई जास्त आहेत त्यांनी पावशाकडे कान ठेवा. "पेरते व्हा, पेरते व्हा" म्हणून शेतकऱ्याला सांगणारा तो पावशा आणि मृगाच्या पावसाबरोबर येणारा चातक, दोघेही आपली अंडी सातभाईंच्या गळ्यात घालतात. सातभाईंचा अख्खा थवा एका परक्या पिल्लाला भरवताना बघणं, त्यासाठी मी पावसात छत्री धरून उभा राहिलोय.

जंगलात गेलात तर

ताडोबा, पेंच, मेळघाट कुठेही जा, गाईड "कॉल आला", म्हणजे धोक्याची हाक आली, म्हणतो तेव्हा तो हेच सगळं वाचत असतो. वानरं झाडावर बसून खातात कमी आणि टाकतात जास्त, खाली चितळं तो पाला, फुलं, फळं खातात. वानराला वरून लांबचं दिसतं, चितळाचं नाक आणि कान जमिनीजवळ चालू असतात, त्यामुळे दोघांच्याही हाकेचा दोघांनाही उपयोग. पण आपला पहिला प्रश्न विचारा, कोण कोणाजवळ जातंय? मी जेवढं बघितलंय त्यात जवळपास दर वेळी चितळंच वानरांच्या झाडाखाली आली, वानरं झाड सोडून चितळांकडे गेलेली दिसली नाहीत.

वानराचं खकरणं ऐकू आलं की वानराचं तोंड कुठे आहे ते बघा. चितळ कुत्र्यालाही आणि कोल्ह्यालाही ओरडतं, एखादी हाक देऊन पुन्हा चरायलाही लागतं, म्हणून एकट्या चितळावर भरवसा नको. सांबर मात्र पुढचा पाय आपटत, शेपटी वर करून ढँक करून ओरडलं आणि थांबलं नाही तर जिप्सी बंद करून गप्प बसा. वानर, चितळ, सांबर असे तिघेही एकाच दिशेला तोंड करून ओरडत असतील तर मग सहसा वाघ नाहीतर बिबट्या आहेच. गाडी पुढे दामटली की कॉल बंद पडतात आणि दिशा हरवते, त्यामुळे ड्रायव्हरला थांबायला सांगायला संकोच करू नका.

हे करू नका

फोनवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलावू नका, विणीच्या काळात तर मुळीच नाही. माकडांना-वानरांना खायला घालू नका, घाटात गाडीच्या टपावर चढणारी वानरं आपल्याच बिस्किटांनी तयार केलीत. बहुतेक सगळ्या रानपक्ष्यांची अंडी-घरटी काढणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, पण काढणं लांब राहिलं, नुसतं वाकून बघणंही महागात पडतं. माझ्या हातून झालंय. जाईच्या वेलात लालबुड्या बुलबुलाचं घरटं होतं, दोन पिल्लं, मी फोटोसाठी पानं बाजूला केली, दोन मिनिटं, परत नीट लावलीही. दुसऱ्या दिवशी सकाळी वेलावर कावळा आणि घरटं रिकामं. कावळा माणसाच्या हालचालीवर लक्ष ठेवून असतो, आपण जिथे वाकतो तिथे तोही बघतो. तेव्हापासून घरट्यापासून किमान पंधरा पावलं लांब आणि फोटो नाही.

अजून एक, व्हॉट्सॅपवर दर पितृपक्षात येतं की वड-पिंपळाचं बी फक्त कावळ्याच्या पोटातूनच रुजतं. कावळा बी पसरवतो हे खरंय, पण बुलबुल, मैना, तांबट, हरियाल, वटवाघूळ सगळेच पसरवतात. विश्वास नसेल तर फळं लागलेल्या वडाखाली एक सकाळ बसा आणि कोण-कोण येतं त्याची यादी करा.

नोंद कशी ठेवायची

तारीख, वेळ, जागा, हवा, कोण कोणाजवळ गेलं, काय मिळालं, कधी वेगळे झाले. अंदाज वेगळ्या ओळीत, बघितलेलं वेगळ्या ओळीत, हे दोन कधी मिसळू नका. आवाज ओळखायला मर्लिन ॲपची मदत होते, पक्ष्यांच्या नोंदी ईबर्डवर आणि किडे-मुंग्या वगैरे आयनॅचरलिस्टवर टाकल्या तर इतरांनाही वापरता येतात, पण वही सोडू नका, कारण दोन प्राण्यांमधे काय घडलं हे लिहायला तिथे नीट जागा नसते. माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी देतो, साधारण अशी लिहिली तरी पुरेल:

"१४ जुलै, सकाळी ७.४०, तळ्याकाठचा माळ, ढगाळ, गवत ओलं. ४ म्हशी, ६ बगळे, १ कोतवाल. म्हशीजवळचा बगळा ५ मिनिटांत ६२ पावलं, ९ चोची. एकटा बगळा ५ मिनिटांत ११८ पावलं, ५ चोची. म्हैस पाण्यात बसल्यावर बगळा काठावर ३ मिनिटं उभा राहिला, मग दुसऱ्या म्हशीकडे उडून गेला. कोतवाल पाण्यातल्या म्हशीच्या पाठीवरच राहिला. का? (अंदाज : पाण्यावरच्या माश्या.) पुढच्या वेळी बघणे."